बर्डीवरचे १८ तास

बुटीबोरीच्या फाट्यावर एक रस्ता वर्ध्याकडे वळतो आणि दुसरा सरळ दक्षिणेला चंद्रपूरकडे जातो. उत्तरेला तीसेक किलोमीटरवर नागपूर. एमआयडीसीतली शिफ्ट सुटली की इथून शहराकडे निघणाऱ्यांची गर्दी होते आणि त्यातल्या निम्म्यांना उतरायचं असतं ‘बर्डी’वर. सीताबर्डी असं पूर्ण नाव नागपूरकर सहसा घेत नाहीत. खरेदीला जायचं ते बर्डीवर, मेट्रो बदलायची ती बर्डीवर. वर किल्ला आहे, तो लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय दिवशी सामान्यांना खुला होतो, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण हा किल्ला भोसल्यांचा नव्हे. भोसले हरल्यानंतर तो इंग्रजांनी बांधला.

१८१७ मध्ये या फाट्याच्या दोन दिशा म्हणजे राजापुढचे दोन पर्याय होते. उत्तरेला नागपूरचं सिंहासन आणि त्याच्या उशाशी ईस्ट इंडिया कंपनीची रेसिडेन्सी. दक्षिणेला, नागपूरपासून दीडेकशे किलोमीटरवर, चांद्याचा म्हणजे आजच्या चंद्रपूरचा भक्कम कोट. कंपनीशी लढायचं तर राजधानीतच तिला एका फटक्यात उखडायचं, नाहीतर चांद्याकडे सरकून, पेशव्याशी हातमिळवणी करून लढाई लांबवायची. आणि लढायचंच नसेल तर तहाप्रमाणे निमूट नांदायचं. विशीतले मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब भोसले या तिन्ही वाटांवर थोडं थोडं चालले. पुढचा घटनाक्रम त्या चालण्याचा आहे. अंतिम घटका २७ नोव्हेंबर १८१७ ची दुपार धरली आहे.

१८ महिने आधी : २७ मे १८१६, रात्र

दुसरे रघुजी भोसले २२ मार्च १८१६ ला वारले. १८०३ च्या देवगावच्या तहात त्यांनी कटक आणि पश्चिम वऱ्हाड गमावलं होतं, तरी तैनाती फौज मात्र मरेपर्यंत दारात येऊ दिली नव्हती. त्यांचा मुलगा परसोजी शरीराने आणि मनाने दुबळा. म्हणून पुतण्या आप्पासाहेब कारभारी झाला. वाड्यात त्याला विरोधक होते, आणि घरच्या भाऊबंदकीत भक्कम पाठीराखा हवा होता. तो त्याने बाहेर शोधला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सबरोबरचा तैनाती फौजेचा करार रात्रीच्या वेळी, गुपचूप झाला. कंपनीची फौज नागपूरच्या राज्यात राहणार, तिच्यासाठी दरसाल साडेसात लाख रुपये भोसल्यांनी मोजायचे आणि परराज्यांशी व्यवहार कंपनीला विचारून करायचा.

रघुजींनी तेरा वर्षं जे टाळलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर सव्वादोन महिन्यांत झालं. पुढे बर्डीवर ज्या पलटणींशी लढायचं होतं, त्यांना दारात आणणाऱ्या कागदावर सही खुद्द आप्पासाहेबांचीच होती.

१० महिने आधी : १ फेब्रुवारी १८१७

परसोजी अंथरुणात मृत सापडले. आप्पासाहेब तेव्हा चांद्याला होते. खुनाचा ठपका कंपनीने त्यांच्यावर ठेवला, पण तो वर्षभरानंतर, ठेवण्याची गरज पडली तेव्हा. या घडीला मात्र कंपनीने हरकत घेतली नाही. २१ एप्रिलला आप्पासाहेब गादीवर बसले. आता घरात प्रतिस्पर्धी उरला नाही आणि दारातली फौज नकोशी वाटू लागली.

२२ दिवस आधी : ५ नोव्हेंबर १८१७

पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांवर फौज घातली. खडकीला लढाई झाली. तिथली रेसिडेन्सी जळाली, पण रेसिडेंट एल्फिन्स्टन निसटला आणि इंग्रजी फौज शाबूत राहिली. ही बातमी नागपुरात पोचली तेव्हा वाड्यात दोन तट पडलेले होते. मानभट उपाध्ये आणि त्यांच्यासारखे लढाईच्या बाजूचे, तर नारायण पंडितांसारखे कारभारी सबुरीच्या. राजाने यांतला कोणताच गट मोडला नाही. एकाला सैन्य जमवू दिलं, दुसऱ्याला रेसिडेंटकडे पाठवत राहिला.

३ दिवस आधी : २४ नोव्हेंबर

पेशव्याकडून मानाची वस्त्रं, जरीपटका आणि सेनापतीपद आलं. आप्पासाहेबांनी ते उघड दरबारी इतमामाने स्वीकारलं. हे करताना त्यांनी जेंकिन्सला समारंभाचं रीतसर आमंत्रण धाडलं! पेशवा कंपनीशी लढतो आहे, त्याची वस्त्रं स्वीकारणं म्हणजे युद्धाचीच हाक, आणि त्या समारंभाला शत्रूला पाहुणा म्हणून बोलवायचं. जेंकिन्सने नकार कळवला आणि मदतीसाठी मागवलेल्या फौजांची वाट बघू लागला.

एका अर्थाने हे युद्ध निमंत्रणपत्रिका काढून सुरू झालं. अचानक हल्ल्याचा जो फायदा घरच्या राजाकडे असतो, तो तीन दिवस आधीच गेला.

२ दिवस आधी : २५ नोव्हेंबर

शहराचा आणि रेसिडेन्सीचा संबंध तुटला. कंपनीची ब्रिगेड रेसिडेन्सीच्या पश्चिमेला तीन मैलांवर तेलंगखेडीला होती. लेफ्टनंट कर्नल हॉप्टन स्कॉटने ती हलवली आणि थेट सीताबर्डीच्या टेकड्यांवर आणून बसवली.

रेसिडेन्सी आणि शहर यांच्या मध्ये ही टेकडी. तिचे दोन उंचवटे: दक्षिणेचा मोठा, उत्तरेचा लहान. मधे खोलगट भाग. कोट नाही, बुरूज नाही, उघडा खडक. लहान टेकडीच्या पायथ्याशी वस्तीतल्या झोपड्या. ज्याच्या हाती ही टेकडी, त्याच्या तोफांखाली एकीकडे रेसिडेन्सी आणि दुसरीकडे शहराचा रस्ता. नागपूरच्या फौजेला ही जमीन अंगणासारखी ठाऊक होती, आणि तीन मैल चालत येणाऱ्या स्कॉटला ती रिकामी मिळाली.

२४ तास आधी : २६ नोव्हेंबर, दुपार

बळाचा हिशोब असा. स्कॉटकडे जेमतेम चौदाशे माणसं: मद्रास पायदळाच्या २० व्या आणि २४ व्या रेजिमेंटची एकेक पलटण, रेसिडेंटच्या पहाऱ्याच्या दोन कंपन्या, ६ व्या बंगाल रिसाल्याच्या तीन तुकड्या आणि चार लहान तोफा. आप्पासाहेबांकडे सुमारे १८,००० फौज आणि ३६ तोफा. त्यांत तीनेक हजार अरब. हे पगारी अरब म्हणजे त्या काळच्या दख्खनेतलं सर्वांत चिवट पायदळ. बाकीचा मोठा भाग घोडेस्वारांचा.

बाजू इतक्या असमान, तरी दिवसभर काय चाललं होतं? बोलणी. वकील ये-जा करत होते, राजाच्या मनात वैर नाही असं सांगत होते, आणि त्याच वेळी पायथ्याला तोफा मांडल्या जात होत्या. स्कॉटने हा वेळ वाया घालवला नाही. लहान टेकडीवर २४ व्या पलटणीचे सुमारे ३०० शिपाई आणि एक तोफ कॅप्टन सॅडलरच्या हाताखाली दिली, मोठ्या टेकडीवर २० वी पलटण, आणि कॅप्टन चार्ल्स फिट्झगेराल्डचा रिसाला रेसिडेन्सीच्या बाजूच्या सपाटीवर ठेवला.

यातली २४ वी पलटण लक्षात ठेवण्यासारखी. १८०६ साली वेल्लोरच्या किल्ल्यात मद्रासच्या शिपायांनी बंड केलं, त्यात ही पलटण होती. तेव्हा ती पहिल्या रेजिमेंटची होती. शिक्षा म्हणून तिचा मानाचा क्रमांक काढून घेऊन तिला २४ वी केलं. अकरा वर्षांपूर्वी कंपनीविरुद्ध बंड करणाऱ्या पलटणीवर आता कंपनीची नागपुरातली सगळी भिस्त होती.

१८ तास आधी : संध्याकाळी ६

दिवस मावळल्यावर लहान टेकडीवर अरबांची पहिली फैर झाडली गेली. झोपड्यांच्या आडून बंदुका, मागून तोफा. राजाने हुकूम दिला होता का? नंतर त्यांनी सांगितलं की फौजेने आपल्या इच्छेविरुद्ध हे केलं. दिला नसेल, तर राजधानीत राजाचं कोणी ऐकत नव्हतं. दिला असेल, तर त्याची जबाबदारी घ्यायला ते तयार नव्हते. लढणाऱ्या माणसासाठी दोन्ही सारखंच वाईट.

पौर्णिमा होऊन तीनच दिवस झाले होते, त्यामुळे चंद्र उशिरा का होईना वर आला. मारा थांबला नाही. लहान टेकडीवर पुन्हा पुन्हा चढाई झाली आणि २४ व्या पलटणीने ती परतवली. सॅडलर मारला गेला. रात्री २ पर्यंत आठ तास हे चाललं.

१० तास आधी : रात्री २

मारा ओसरला. हल्ला करणाऱ्यांनी श्वास घेतला आणि नव्या तोफा पुढे आणायला सुरुवात केली. टेकडीवरच्यांनी कणकेची आणि गव्हाची पोती वर ओढली आणि त्यांच्या भिंती रचल्या. खडकात खंदक खणता येत नव्हता, मग कोठारातलं धान्यच आडोसा झालं.

ही जी स्तब्धता आहे, तिच्यात एक लांबची गोष्ट सांगून घ्यायला हरकत नाही. मैदानावर घोडा धरून थांबलेल्या कॅप्टनचं आडनाव फिट्झगेराल्ड. त्याच्या जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी राणी एलिझाबेथच्या काळात आयर्लंडच्या दक्षिणेत हेच आडनाव बंडखोरांचं होतं. डेसमंडचे फिट्झगेराल्ड १५६९ मध्ये आणि पुन्हा १५७९ मध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध उठले. डेसमंडचा अर्ल १५८३ मध्ये मारला गेला आणि त्या घराण्याच्या जमिनी इंग्रजांना वाटल्या गेल्या. तिथली रीत नागपूरकराला ओळखीची वाटावी अशीच. आठव्या हेन्रीच्या काळापासून आयरिश सरदाराने आपली जमीन राजाच्या पायाशी ठेवायची आणि ती त्याच्याकडून सनदेने परत घ्यायची. काल आपलं होतं ते आज दुसऱ्याच्या मर्जीने आपलं.

उत्तरेच्या अल्स्टरमधला ह्यू ओनील हा अशाच सनदेचा अर्ल. इंग्रजांच्या आश्रयात वाढलेला, त्यांच्या बाजूने लढलेला. तो उलटला तो पुरती तयारी झाल्यावर. तोपर्यंत तोही बोलणी करत होता, तहनामे लांबवत होता. पण त्या वेळात त्याने आपल्या माणसांना बंदूक चालवायला शिकवलं. १४ ऑगस्ट १५९८ ला यलो फोर्ड इथे इंग्रजांची सुमारे ४,००० ची फौज त्याने दलदलीत आणि चरांत गाठली. ऐन लढाईत इंग्रजांच्या रांगेत दारूच्या साठ्याचा स्फोट झाला, गोंधळ उडाला आणि ओनीलच्या माणसांनी तो क्षण सोडला नाही. इंग्रज सेनापती हेन्री बॅगनल मारला गेला. आयर्लंडमधला इंग्रजांचा हा सर्वांत मोठा पराभव.

बोलणी ओनीलनेही केली आणि आप्पासाहेबांनीही. ओनीलचा निर्णय झालेला होता आणि बोलणी त्याला वेळ मिळवून देत होती. आप्पासाहेबांची बोलणी निर्णय पुढे ढकलण्यासाठी होती.

७ तास आधी : पहाटे ५

स्कॉटने रात्रभर भाजून निघालेली २४ वी पलटण लहान टेकडीवरून काढून मोठ्या टेकडीवर घेतली आणि तिच्या जागी २० व्या पलटणीची ताजी माणसं चढवली. अदलाबदल धोक्याची होती, पण ती पार पडली.

६ तास आधी : उजाडताना

पुन्हा मारा सुरू झाला आणि तो रात्रीपेक्षा जोरदार होता. वाढीव तोफांचे गोळे लहान टेकडीवर नेमके पडू लागले. घोडेस्वारांचे थवे मैदान वेढत पुढे सरकले.

३ तास आधी : सकाळी ९

लहान टेकडीवर दारूगोळ्याचा गाडा उडाला. धूर, किंकाळ्या, विस्कटलेली रांग. यलो फोर्डला ओनीलच्या माणसांनी केलं तेच इथे अरबांनी केलं. क्षणाचाही विलंब न लावता ते चढले, टेकडी घेतली आणि तिथलीच तोफ फिरवून मोठ्या टेकडीवर डागली. रेसिडेंटचा पहिला सहायक जॉर्ज सॉदबी त्या सकाळी मारला गेला. दोन उंचवट्यांतलं अंतर बंदुकीच्या टप्प्यातलं. खाली शिपायांच्या वस्तीत अरब शिरले आणि त्यांच्या बायकामुलांचा आक्रोश वर ऐकू येऊ लागला.

नागपूरच्या राज्याने ही लढाई या घटकेला जवळजवळ जिंकली होती. अजून एक हुकूम हवा होता: घोडदळ एकवटून रेसिडेन्सीच्या मैदानात घुसवण्याचा. दहा हजारांच्या आसपास स्वार समोर होते आणि त्यांच्यापुढे तीन तुकड्या. घोडदळाचा नामांकित सरदार गणपतराव सुभेदारही राजाच्या पदरी होता. तो हुकूम आला नाही. राजा रणांगणावर नव्हता.

अडीच ते एक तास आधी

हुकूम पलीकडच्या बाजूलाही मिळत नव्हता. फिट्झगेराल्ड हल्ल्याची परवानगी मागत होता आणि स्कॉट नाकारत होता. अखेर, हल्ला करायचा तर स्वतःच्या जोखमीवर कर, असा वैतागलेला निरोप त्याला आला, आणि त्याने तीच परवानगी मानली, असं सांगतात. तीनेकशे स्वार नाल्यापलीकडे झेपावले. पुढची घोडदळाची फळी मोडली, तिच्या मागच्या दोन तोफा हाती लागल्या आणि त्या लगेच उलट फिरवल्या गेल्या. या स्वारांमध्ये जॉन हिअर्सी नावाचा तरुण अधिकारी होता. चाळीस वर्षांनी, मार्च १८५७ मध्ये, बराकपूरच्या कवायतीच्या मैदानावर मंगल पांडेंसमोर घोडा घालणारा जनरल हिअर्सी तो हाच.

टेकडीवरून पायदळाने हे पाहिलं. त्याच सुमारास लहान टेकडीवर दुसरा गाडा उडाला, आणि या वेळी तो अरबांच्या मधोमध. शिपायांनी संगिनी लावून ती टेकडी परत घेतली. लेफ्टनंट ग्रँट त्यात कामी आला. अरब पुन्हा जमू लागले तेव्हा रिसाल्याच्या एका तुकडीने पायथ्याला वळसा घालून त्यांना उधळलं.

अंतिम घटका : २७ नोव्हेंबर १८१७, दुपारी १२

सगळं थांबलं. कंपनीचे ३६७ जण मेले किंवा जखमी झाले, म्हणजे चौदाशेंतला दर चौथा माणूस. या माणसांना आणखी एक रात्र निभली असती का, हा प्रश्न उरतोच. नागपूरची बहुतेक फौज तर शाबूत होती.

आणि राजाने काय केलं? वकील पाठवले. झालं ते आपल्या मर्जीविरुद्ध, असा निरोप दिला. जेंकिन्सने अट घातली की आधी फौज मागे घ्या. संध्याकाळपर्यंत फौज मागे गेली. राज्य बुडालं ते टेकडीवर नव्हे, या संध्याकाळी.

त्यानंतर

२९ नोव्हेंबरला कर्नल गहान नर्मदेकडून मदत घेऊन पोचला. १२ डिसेंबरला जनरल डव्हटन मोठी फौज घेऊन आला. मग अटी कडक झाल्या: तोफा द्या, अरब काढा, राजाने स्वतः रेसिडेन्सीत येऊन राहावं. १६ डिसेंबरला सकाळी आप्पासाहेब आले. त्यांच्या सरदारांनी मात्र तोफा निमूट दिल्या नाहीत आणि सक्करदऱ्याच्या बाजूला पुन्हा लढाई झाली. फौज लढत होती आणि तिचा राजा शत्रूच्या घरात बसला होता. अरबांनी शहर आणखी दोन आठवडे धरून ठेवलं, २४ डिसेंबरचा इंग्रजांचा हल्ला परतवला, आणि ३० डिसेंबरला ते आपल्या बायकामुलांसह, मालमत्तेसह, अटी ठरवून बाहेर पडले. त्यांना हरवून काढता आलं नाही.

गणपतराव उरलेले स्वार घेऊन पेशव्याला मिळाले. बाजीराव चांद्याच्या रोखाने यायला निघाला तेव्हा १८१८ चा वसंत उजाडला होता. तोवर १५ मार्चला आप्पासाहेब कैद झाले होते. चांद्याकडे निसटण्याचा बेत हा त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक. नोव्हेंबरमध्ये, हाताशी अठरा हजार फौज असताना, हीच वाट मोकळी होती. पेशव्याचा १७ एप्रिलला पराभव झाला, २० मे रोजी चांद्याचा कोट पडला आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता मारला गेला.

त्याच्या आठवडाभर आधी, १३ मेला, प्रयागकडे नेलं जात असताना आप्पासाहेब शिपायाच्या वेषात निसटले. आणि मग याच माणसाने वर्षभर कंपनीला झोप लागू दिली नाही. महादेवाच्या डोंगरात गोंडांनी त्यांना आसरा दिला. जुलैत बैतूलच्या बाजूला त्यांच्या माणसांनी कॅप्टन स्पार्क्सची तुकडी जवळजवळ पूर्ण कापली. एप्रिल १८१९ मध्ये असीरगड पडला तेव्हाही ते हाती लागले नाहीत. राजधानी, तोफखाना, खजिना यांतलं काही नव्हतं, पण आता माघारी जायला रेसिडेन्सीचं दारही नव्हतं. मन एका बाजूला झाल्यावर माणूस किती लढू शकतो, हे त्यांनी स्वतःच दाखवलं. फक्त क्रम उलटा झाला.

ओनील १६०१ मध्ये किन्सेलला हरला, १६०७ मध्ये देश सोडून गेला आणि १६१६ मध्ये रोममध्ये वारला. आप्पासाहेब १८४० मध्ये जोधपूरच्या राजाच्या आश्रयात वारले. दोघांचेही मुलूख अखेर इंग्रजांच्या नकाशात गेले. नागपूरच्या गादीवर कंपनीने बसवलेले तिसरे रघुजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक गेले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने राज्य खालसा केलं. त्यासाठी एक गोळीही झाडावी लागली नाही, कारण ती झाडण्याची ताकद मे १८१६ च्या रात्री गहाण पडली होती आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये ती सोडवून घेण्याची संधी जिंकत आलेल्या फौजेला मागे बोलावून घालवली होती.